गोदामाच्या भिंतीवरची लाँड्री

कडकशेठ रोज गोदामाच्या भिंतीपाशी जाऊन बसतो, हे मोठीला कळलं तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं. नाहीतर जे शब्द बाहेर पडले असते ते ऐकून स्टुलावर उभा असलेला न्हावी अर्धवट दुमडलेल्या पँटनिशी रस्त्यावर पळाला असता.

"कोट घालून येतो," न्हावी वरून सांगत होता. "या उकाड्यात. खुर्ची ओढतो, बसतो आणि त्या चित्रकार पोरीला सांगत सुटतो. माझी लाँड्री अशी होती, माझी लाँड्री तशी होती. मधोमध काढ म्हणतो. सगळ्यांत मोठी काढ म्हणतो."

मोठीने टाचण्या तळहातावर काढल्या. "आणि ती काढतेय?"

"खडूने काढलीय. रंग नाही दिला अजून. दुसरं तोंड मिळालं की देणार."

रस्त्याच्या त्या बाजूची जुन्या दुकानांची रांग पाडून झाली होती. आता तिथे पत्रे ठोकलेले होते आणि पत्र्यांमागे उंच काहीतरी उगवत होतं. समोरच्या बाजूला उरली होती ती बंद पडलेल्या गोदामाची लांबलचक भिंत. दुकानं गेल्यावर लोकांना त्यांचा पुळका आला. ती उभी होती तेव्हा त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं, पण ते असो. वाचनालयाने पुढाकार घेतला, वॉर्ड ऑफिसने मान डोलावली आणि एक चित्रकार मुलगी शिडी आणि रंगाचे डबे घेऊन हजर झाली. गेलेली रांग तिला भिंतीवर जशीच्या तशी काढायची होती, आणि जशीच्या तशी म्हणजे कशी, हे सांगायला गल्लीतले म्हातारेकोतारे होतेच.

तिचा एक नियम होता. कोणी येऊन आपल्या आठवणीतलं दुकान सांगितलं की ती ते खडूने काढायची. मग दुसऱ्या घरातल्या, नात्यागोत्यात नसलेल्या कोणीतरी येऊन "हो, होतं, मी पाहिलंय" म्हणायचं आणि आपल्या परीने वर्णन करायचं. दोन्ही जुळलं की मगच रंग. मागे दुसऱ्या एका गल्लीत एका गृहस्थाने आपल्या आजोबांची सराफी पेढी तिच्याकडून झोकात काढून घेतली होती, आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळी गल्ली पोट धरून हसली होती. आजोबा होते, पेढी नव्हती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

आता मोठी म्हणजे कोण ते सांगायला हवं. ती रंगाऱ्याची मोठी मुलगी. धाकटी लग्न होऊन परगावी गेली, तिथे आजी झाली, पण गल्लीने एकदा मोठी म्हटलं ते म्हटलं. मोठीचे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी नाव तेच. रांग पाडल्यावर बेकरी कोपऱ्यावर हलली होती; तिथल्या मागच्या खोलीत ती कपडे दुरुस्त करायची. लांब ते आखूड, घट्ट ते सैल, आणि गल्लीतलं एकूण एक माणूस कधी ना कधी तिच्या स्टुलावर उभं राहायचंच.

तिचे वडील कपडे रंगवायचे. विटलेला कोट, उडालेला पडदा, डाग पडलेली चादर त्यांच्याकडे यायची आणि गर्द होऊन बाहेर पडायची. शेजारचं दुकान कडकशेठच्या लाँड्रीचं. इस्त्री कडक, कॉलर कडक, बोलणं कडक, म्हणून कडकशेठ. त्याच्याकडे लोकरीचे कपडे पेट्रोलने धुतले जायचे, आणि असा धुतलेला कपडा उघड्या हवेवर लटकवून त्याचा वास पुरता गेल्याशिवाय त्याला इस्त्री लावायची नसते, हे त्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका वर्षी शाळेने मुलांचे जुने कोट रंगवायला मोठीच्या बाबांकडे दिले आणि मग धुऊन इस्त्री करायला शेठकडे. शेठला घाई होती. कोट लटकवलेच नाहीत. अर्धवट सुकलेले, वास मारणारे कोट इस्त्रीखाली दाबून त्याने गठ्ठा शाळेत पोचवला आणि आठवड्याभरात अर्ध्या वर्गांच्या माना आणि मनगटं लाल होऊन खाजायला लागली. शेठ काउंटरवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, "रंगाऱ्याचा रंग अंगाला खातो हो. मी तरी काय करणार?"

बस्स. एवढंच वाक्य. त्यानंतर रंगाऱ्याच्या दारात कोणी आपलं पायपुसणंही टाकलं नाही. बाबा भांडणारे नव्हते. एकदा बोलून पाहिलं, कोणी ऐकलं नाही, मग गप्प बसले. दुकान विकावं लागलं, आणि घेणारा दुसरा कोण असणार? शेठने मधली भिंत पाडली, दुकान दुप्पट केलं आणि वर उपकार केल्यासारखं बाबांना मागच्या टेबलावर इस्त्रीला ठेवलं. जिथे त्यांची रंगाची पातेली उकळायची, नेमक्या त्याच जागेवर ते मरेपर्यंत दुसऱ्याच्या कॉलरी कडक करत उभे राहिले.

हे सगळं मोठीने पाहिलं होतं. शाळा सुटली की ती बाबांचा डबा घेऊन तिथे जायची, कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसायची आणि बघत राहायची. तिच्या मनात शेठविषयी जे साठलं ते काही वर्षांनी निवळणारं नव्हतं. शेठ म्हातारा झाला, त्याची बायको गेली, मुलं कुठल्या कुठे पांगली, लाँड्री बंद पडली, मग पाडलीही गेली. मोठीचं यातल्या एकाही गोष्टीने समाधान झालं नाही, कारण यातली एकही तिने केलेली नव्हती.

"मधोमध काढ म्हणतो काय," ती न्हाव्याच्या पँटला टाचणी खुपसत म्हणाली. "भिंतीवर येऊनच दाखव म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून मोठी कामाला लागली. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाची पंचाईत अशी असते की त्याला हलता येत नाही. कमरेला, मांडीला, घोट्याला टाचण्या लावलेल्या असताना कोण वाद घालणार? मोठी गुडघ्यावर बसून, खालून वर बघत, गोडीत विचारायची, "तुम्हाला आठवते का हो ती लाँड्री?" आणि आठवते म्हणणाऱ्याला एक टाचणी हमखास टोचायची. चुकून.

पण खरं सांगायचं तर टोचण्याची फारशी गरज पडली नाही. शेठने आयुष्यभर कोणाला सोडलं नव्हतं. न्हाव्याचे पांढरे ॲप्रन त्याने एकदा गुलाबी करून परत दिले होते आणि वर "तुला शोभतो" म्हणाला होता. चष्मेवाल्याच्या पाटीवरचं अक्षर पाहून "आधी स्वतःला चष्मा लाव" असं भर रस्त्यात सुनावलं होतं. बेकरीवाल्या काकूंना तर तो त्या नव्या नवरी होत्या तेव्हापासून "अगं ए पाव" म्हणून हाक मारायचा. प्रत्येकाच्या पोटात काही ना काही होतं. मोठीने फक्त झाकण काढलं.

"खोटं नाही हो बोलायचं," ती समजवायची. "होती-नव्हती काही म्हणायचंच नाही. नाही आठवत म्हणायचं. आपलं वय झालंय, नाही आठवत. कोण काय करणार?"

"नाही आठवत," चष्मेवाला घोकून म्हणाला, आणि त्याला इतकं हसू आलं की मोठीला त्याची शिलाई उसवावी लागली.

रविवारी सगळे भिंतीपाशी जमले. भिंतीवर निम्मी रांग रंगून तयार होती. बेकरीची जुनी भट्टी, कुलपांचं दुकान, गच्चीवरचा तो वाकडा नळ सुद्धा. मधोमध खडूने काढलेली लाँड्री होती, रुंद दारांची, ऐसपैस. शेठ कोट घालून खुर्चीत बसला होता आणि काठीने दाखवत होता, "ती कमान जरा वर घे." चित्रकाराने जमलेल्यांना विचारलं, "आजोबांची लाँड्री कोणाला आठवते?"

सगळे भिंतीकडे बघायला लागले. मग तिने एकेकाला विचारलं.

"नाही बुवा आठवत," न्हावी म्हणाला.

"अरे, तुझे ॲप्रन कुठे यायचे?" शेठ खुर्चीतून ओरडला.

"घरी धुवायचो, शेठ."

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला, परत लावला, खडूच्या रेघांकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. तो एवढा चांगला नट असेल असं मोठीला वाटलं नव्हतं. बेकरीवाल्या काकूंनी तर कमालच केली. "लाँड्री?" त्या म्हणाल्या. "आमच्या रांगेत? नाही गं बाई. तुम्ही दुसऱ्या कुठल्या रस्त्यावरचे का, आजोबा?"

शेठ आधी चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि शेवटी त्याची नजर मागे उभ्या असलेल्या मोठीवर आली. तिने नजर हटवली नाही. त्याला कळलं. त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली.

चित्रकार बिचारी कानकोंडी झाली. तिला काहीतरी खटकत होतं, पण नियम तिचाच होता. "सॉरी, आजोबा," म्हणत तिने ओलं फडकं घेतलं आणि खडूची लाँड्री पुसायला लागली. आधी कमान गेली, मग दारं. मोठी तिथेच उभी राहून शेवटची रेघ जाईपर्यंत पाहत होती. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. घरी येऊन ती चक्क दुपारी झोपली, आणि तिला झोप लागलीसुद्धा.

आधी त्याला पुसायचं आणि मग त्या जागी बाबांना बसवायचं, असा तिचा बेत होता. पहिली गोष्ट झाली. दोन-तीन दिवसांनी ती स्वतः खुर्चीत जाऊन बसली आणि बाबांचं दुकान सांगितलं. निळं दार, चुलाण्यावरची तांब्याची पातेली, छपरावर वाळत टाकलेले कपडे, दारात भिंतीला टेकवलेली, पातेल्यातले कपडे ढवळायची लांब काठी. चित्रकाराने खडूने सुबक दुकान काढलं आणि म्हणाली, "छान आहे हो मावशी. आता दुसरं कोण सांगेल?"

"कोणीही सांगेल," मोठी म्हणाली. "अख्खी गल्ली सांगेल."

न्हावी आला. "रंगारी? म्हणजे तुझे बाबा ना, मोठे? हो, आठवतात की! शांत माणूस. शेठच्या मागच्या खोलीत इस्त्री कर..." आणि त्याने जीभ चावली.

"कोणत्या शेठच्या?" चित्रकाराने विचारलं.

न्हावी भिंतीकडे बघायला लागला. त्याच्यानंतर चष्मेवाला आला. त्यालाही बाबा आठवत होते, हातात इस्त्री घेतलेले. बेकरीवाल्या काकूंनाही आठवत होते, घामाने डबडबलेले, टेबलामागे वाकलेले. रंगाची पातेली कोणालाच आठवत नव्हती, कारण कोणी ती पाहिलीच नव्हती. न्हावी इथे काकाच्या खुर्चीवर आला तोवर मधली भिंत पडली होती. चष्मेवाला त्याच्यानंतरचा. काकू लग्न होऊन आल्या त्या त्याहून नंतर. मोठी लहान होती तेव्हा ही सगळी मोठी माणसं होती, म्हणून ती पहिल्यापासून इथेच आहेत असं ती धरून चालली होती. ज्यांनी खरोखर पाहिलं होतं ते एकेक करून गेले होते, आणि तिने कधी मोजदादच केली नव्हती.

त्यापेक्षा वाईट दुसरंच होतं. गल्लीच्या आठवणीत बाबांना उभं राहायला एकच जागा होती, आणि ती शेठच्या लाँड्रीत होती. तीच तिने ओल्या फडक्याने पुसून घेतली होती.

संध्याकाळी तिने न्हाव्याला खोलीत बोलावून फैलावर घेतलं. "त्याच्यासाठी खोटं बोलता आलं, आणि माझ्या बाबांसाठी बोलता येत नाही?"

"अगं, नाही म्हणायला काय लागतं?" न्हावी काकुळतीला आला. "नाही आठवत म्हटलं की संपलं. हो म्हणायचं तर दाराचा रंग सांगावा लागतो."

तिने त्याला दाराचा रंग शिकवला, पातेली शिकवली, काठी शिकवली. दुसऱ्या दिवशी तो पोपटासारखा बोलला. चित्रकाराने सगळं ऐकून घेतलं आणि मोठीला बाजूला नेऊन हळूच म्हणाली, "मावशी, हे तुमचेच शब्द आहेत हो. शनिवारपर्यंत बघू या. नाहीतर तिथे मला नुसती भिंत रंगवावी लागेल."

मोठीचे ते दिवस कसे गेले ते विचारू नका. तिने एक नवीकोरी पँट गुडघ्यापर्यंत आखूड केली. डोळ्यासमोर सारखं एकच यायचं, मधोमध एक कोरी जागा, आणि लोक तिच्यापुढून हसत, फोटो काढत चाललेले. शेठला मिटवायच्या नादात आपण बाबांना मिटवलं, हे तिला दिसत होतं. आणि एवढं दिसूनही शेठवरचा राग तसूभर कमी झाला नव्हता, उलट आता त्यात आणखी भर पडली होती. हेही त्याच्यामुळेच.

शनिवारी सकाळी शेठ आला. कोट नव्हता, साधा सदरा होता, आणि त्याला खुर्चीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. मोठी तिथेच होती. बाकीचेही होते, कारण शेवटचा दिवस होता आणि काय होतं ते पाहायची सगळ्यांनाच हौस होती.

"रंगाऱ्याचं दुकान मी पाहिलंय," शेठ म्हणाला. "काढ."

चित्रकाराने मोठीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सांगा, आजोबा."

"दार निळं म्हणाली असेल ही. खाली निळं होतं. पातेल्यात जो रंग उरेल तो तो दाराला फासायचा, टाकून द्यायचा नाही. त्यामुळे खाली निळं, मध्ये तपकिरी, आणि वर, हात पोचायचा नाही तिथे, जुनं लाकूड. कडी पिवळी. काठी दारात उजव्या हाताला, टोकाला काळी पडलेली. हात कोपरापर्यंत रंगलेले. हिरव्या हातांनी भाकरी मोडायचा आणि मला म्हणायचा, शेठ, तुमचे हात फार पांढरे, तुम्हाला जेवण कसं जातं?"

मोठीला ते दार दिसलं. तपकिरी पट्टा दिसला, वरचं कोरं लाकूड दिसलं. ती ते विसरली होती, आणि तिला ते या माणसाच्या तोंडून परत मिळत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जुळतंय," चित्रकार म्हणाली आणि रंगाचा डबा उघडायला वाकली.

"थांब, माझं झालं नाही," शेठ म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याचा रंग अंगाला खात नव्हता. कोट मी न वाळवता दिले. घाई केली, आणि मग त्याच्यावर ढकललं. मला ती जागा पाहिजे होती. आवई मीच उठवली. हे पण घे तुझ्या त्या भिंतीवर, कुठे बसत असेल तर."

हे वाक्य ऐकायची मोठीने लहानपणापासून वाट पाहिली होती. बाबा असताना ऐकायचं होतं, बाबा गेल्यावर ऐकायचं होतं, आईला तर मरताना ऐकायचं होतं. आता ते भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, दोषी माणसाच्या तोंडून आलं होतं.

"कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरका आला. "पश्चात्ताप झाला?"

"झाला असता तर तुझा बाप असताना सांगितलं नसतं?" शेठ म्हणाला. "मला कोणी ओळखत नाही गं, पोरी. रविवारपासून मी जातो-येतो, आणि मला वाटतं, खरंच नव्हती की काय लाँड्री? वाईट म्हणून सांग. चोर म्हण. पण होती म्हण."

चित्रकार ब्रश हातात धरून उभी होती. "म्हणजे ते कोट धुतले कुठे?" तिने विचारलं. तिचा स्वर अगदी साधा होता. "रविवारी सगळे म्हणाले, लाँड्री नव्हती. मग हे झालं कुठे?"

न्हाव्याने काकूंकडे पाहिलं, काकूंनी चष्मेवाल्याकडे, आणि मग सगळ्यांनी मोठीकडे. नव्हती म्हणावं तर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सगळं वाऱ्यावर जाणार, बाबांवरचा डाग तसाच राहणार. होती म्हणावं तर तो मधोमध, कमानीसकट, कायमचा. मोठीने पदर खोचला, पुढे झाली आणि म्हणाली, "उठा."

शेठ उठला. ती खुर्चीत बसली.

"होती," ती म्हणाली. "काढ, पोरी. जशी होती तशी काढ, एक खिळा कमी पडता कामा नये. मी सांगते."

आणि ती सांगायला लागली. दाराला लावलेली घंटा, जी अर्धवटच वाजायची. पेट्रोलचा वास, जो रस्त्याच्या वळणापासून यायचा आणि डोळ्यांत झोंबायचा. छताखालचा माळा, त्यावर कपड्यांच्या रांगा, आणि त्या काढायला शिडीवर चढलेला शेठ, खालून फक्त त्याचे चकाकणारे बूट दिसायचे. प्रत्येक कपड्याला टाचलेली नंबराची चिंधी. काउंटरची काच, एका कोपऱ्यात तडकलेली, तड्यावर चिकटपट्टी. आरसा, ज्यात गिऱ्हाईक बारीक दिसायचं आणि म्हणून खूश व्हायचं. मागची खोली, तिथे खिडकी नव्हती. इथे तिने शेठकडे रोखून पाहिलं. "तिथे माझे बाबा उभे असायचे, त्यांचे पाय सुजायचे, आणि तुम्ही त्यांना बसायला स्टूल दिलं नाहीत."

तिला वाटत होतं की एकेक शब्द त्याला लागावा. पण शेठचा चेहरा पाहून ती चमकली. तो काठीवर दोन्ही हात ठेवून, पुढे वाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून ऐकत होता. घंटा म्हटल्यावर तो हसला. आरशाचं ऐकून त्याने मान डोलावली. स्टुलाचं ऐकूनही त्याने मान हलवली, "नाही दिलं, खरं आहे, नाही दिलं," असं पुटपुटला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं ते दुःखाचं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या मुलांना, गिऱ्हाइकांना, साऱ्या गल्लीला मिळून जेवढी लाँड्री आठवत नव्हती, तेवढी एकट्या मोठीला आठवत होती. चाळीसेक वर्षं तिने ती मनात झाडूनपुसून, रोज दिवा लावल्यासारखी जपली होती. द्वेषानेच जपली, पण जपली.

"आणखी?" शेठ म्हणाला. "आणखी सांग ना गं."

चित्रकाराचा हात भराभर चालत होता. लाँड्री पुन्हा भिंतीवर उभी राहत होती, तिच्या शेजारी रंगाऱ्याचं दुकान, मध्ये ती न पाडलेली भिंत.

"काउंटरमागे कोण असायचं?" तिने विचारलं.

"माझी बायको," शेठ घाईने म्हणाला, आणि मग त्याची घाई ओसरली. तो मोठीच्या अगदी जवळ आला. "पोरी, तू तिथे बाकड्यावर बसायचीस. गिऱ्हाईक आलं आणि मी वर माळ्यावर असलो की ती खालून मला हाक मारायची. काहीतरी म्हणायची. सगळं दुकान हसायचं. मला हसणं ऐकू येतं, पण ती काय म्हणायची ते गेलं. कुठे गेलं कळत नाही. रात्रंदिवस आठवतो. तुला आठवतं का?"

मोठीला आठवत होतं. ती गोरी, जाडजूड बाई दोन्ही हात काचेवर टेकवून, मान वर करून, नाटकातल्यासारखी लांबवून हाक मारायची, "अहो महाराज, सिंहासनावरून खाली उतरा, प्रजा ताटकळलीय!" आणि माळ्यावरून कडकशेठ, ज्याच्यापुढे साऱ्या गल्लीची बोबडी वळायची, तो लाजल्यासारखा "आलो, आलो" म्हणत शिडीवरून उतरायचा. गिऱ्हाइकं हसायची. मागच्या खोलीत बाबासुद्धा इस्त्री थांबवून हसायचे. तिथे ते हसायचे ते तेवढ्यालाच. ती बाई मग मोठीकडे बघून डोळा मारायची. हाकेचा सूर, तिच्या बांगड्यांचा काचेवर होणारा आवाज, सगळं मोठीच्या कानात अगदी काल ऐकल्यासारखं होतं.

शेठ तिच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तिच्याकडून काहीतरी हवं होतं जे तिच्याखेरीज जगात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं.

"नाही आठवत," मोठी म्हणाली.

"जरा आठवून बघ. राजा की काय..."

"नाही आठवत, शेठ. आपलं वय झालंय."

ती खोटं बोलतेय हे त्याला कळलं. त्याला ते कळावं म्हणूनच ती डोळ्याला डोळा भिडवून बोलली होती. तो तिच्या खुर्चीची पाठ धरून तसाच उभा राहिला. न्हाव्याने त्याला हाताला धरून रंगाच्या एका पालथ्या डब्यावर बसवलं. मोठीला छातीत हलकं हलकं वाटत होतं, अगदी मोकळं. तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"मग काउंटरमागे कोणाला काढू?" चित्रकाराने विचारलं. "त्या कशा दिसायच्या, कोणी सांगेल का?"

कोणाला नीट सांगता येईना. काकू म्हणाल्या, जाड होत्या. न्हावी म्हणाला, छे, बारीकच. चित्रकाराने मोठीकडे पाहिलं. मोठीने खांदे उडवले आणि पदराने हात पुसले.

दुपारपर्यंत रंग भरून झाला. रंगाऱ्याचं दार खाली निळं, मध्ये तपकिरी, वर कोरं लाकूड. शेजारी कमानीची लाँड्री, तडकलेल्या काचेचं काउंटर, आणि काउंटरमागे कोणी नाही, नुसता मागच्या भिंतीचा रंग. आता शेठ रोज तिथे येऊन उभा राहतो, चालवेनासं झालं तरी येतो, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत ओठ हलवत काही ना काही जुळवून पाहतो. 'महाराज' हा शब्द काही कधी येत नाही त्याच्या तोंडात. मोठी हल्ली शिवण घेऊन बेकरीच्या पुढच्या खिडकीत बसते, तिथून बघते, दोरा दातांनी तोडते आणि पुढची शिलाई घेते.